विल्सनच्या आधी एक कोंबडा होता

काठीवर काठी घासून आग पेटवायची धडपड चालली आहे. काठी सटकते, तळवा फाटतो आणि चक नोलंड संतापाच्या भरात हाताला लागेल ते भिरकावत सुटतो. त्यात पार्सलमधून निघालेला एक पांढरा व्हॉलीबॉलही असतो. राग ओसरल्यावर तो चेंडू उचलतो, तर त्यावर त्याच्याच रक्ताचा पंजा उमटलेला. त्या डागात तो बोटाने पुसून डोळे आणि नाक काढतो, चेंडू समोर ठेवतो आणि पुन्हा काठी घासायला बसतो. थोड्या वेळाने त्या चेंडूशी बोलतो. पहिलं बोलणं काडेपेटी मागण्याचं.

‘कास्ट अवे’ डिसेंबर २००० मध्ये आला. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, मुख्य भूमिकेत टॉम हँक्स. मालवाहू विमान पॅसिफिकमध्ये कोसळतं आणि कुरिअर कंपनीचा घड्याळाच्या काट्यावर चालणारा एक अधिकारी ओसाड बेटावर चार वर्षं अडकतो, ही त्याची गोष्ट. लोक तो आठवतात ते नारळ, आग आणि तराफ्यासाठी. माझ्या मते त्याचा खरा विषय भूक नाही, अबोला आहे. आणि हा विषय हॉलीवूडने शोधलेला नाही, त्याला जवळजवळ पाचशे वर्षांची पार्श्वभूमी आहे. तिचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो.

कल्पना हँक्सची. फेडेक्सची पार्सलं भरलेली जंबो विमानं रोज पॅसिफिक ओलांडतात, असं त्याच्या वाचनात आलं आणि त्यातलं एखादं पडलं तर काय होईल, हा प्रश्न डोक्यात घर करून बसला. पटकथा विल्यम ब्रॉइल्स यांच्याकडे गेली. व्हिएतनामच्या युद्धात लढलेला, पुढे पत्रकार झालेला हा माणूस टेबलाशी बसून बेट रंगवायला तयार नव्हता. मेक्सिकोतल्या कोर्तेसच्या समुद्राकाठी जाऊन, जाणकारांकडून शिकून घेऊन, त्यांनी काही दिवस एकट्याने काढले. दगडाची धार करणं, नारळ फोडणं, भाल्याने पाकट मारणं, सगळं करून पाहिलं. तिथेच एके दिवशी लाटांबरोबर विल्सन कंपनीचा एक व्हॉलीबॉल वाहत आला. ब्रॉइल्स त्याच्याशी बोलू लागले. पटकथेतली सगळ्यात मोठी अडचण, म्हणजे एकट्या माणसाला तासभर बोलतं कसं ठेवायचं, ही अशी सुटली.

आता मागे जाऊ. सप्टेंबर १७०४ च्या सुमारास, चिलीच्या किनाऱ्यापासून सहाशेहून अधिक किलोमीटर आत असलेल्या हुआन फर्नांदेस बेटांपैकी एकावर अलेक्झांडर सेलकर्क नावाचा स्कॉटिश खलाशी उतरला. जहाजाचा तळ किडीने पोखरला आहे, हे बुडणार, यावर बसण्यापेक्षा मी इथेच राहतो, असं तो कप्तानाशी भांडला आणि कप्तानाने त्याचं म्हणणं मान्य केलं. होडी परत निघाली तेव्हा सेलकर्कचा धीर सुटला आणि त्याने परत घ्या म्हणून हाका मारल्या, असं सांगतात. जहाज थांबलं नाही. ते पुढे खरंच बुडालं आणि वाचलेले लोक स्पॅनिशांच्या कैदेत पडले, म्हणजे सेलकर्कचा अंदाज अगदी बरोबर होता. पण किंमत केवढी! चार वर्षं आणि चार महिने.

त्याच्याकडे बंदूक, कुऱ्हाड, सुरी, भांडं आणि बायबल होतं. बंदुकीची दारू संपल्यावर तो डोंगरउतारावर अनवाणी धावून शेळ्या पकडायला शिकला. झोपेत उंदीर पाय कुरतडायचे, म्हणून त्याने रानमांजरं माणसाळवली. खिळ्याची सुई करून कातड्याचे कपडे शिवले. बायबल मोठ्याने वाचायचा, स्तोत्रं म्हणायचा, मांजरांबरोबर आणि करडांबरोबर गायचा, नाचायचा. फेब्रुवारी १७०९ मध्ये वुड्स रॉजर्सच्या जहाजाने त्याला उचललं. रॉजर्सने जे लिहून ठेवलं त्यातली एक नोंद मला बाकी सगळ्या तपशिलांहून मोलाची वाटते. वापराअभावी या माणसाची भाषा इतकी विसरली गेली होती की त्याचं बोलणं जेमतेम कळायचं. शब्द जणू अर्धे अर्धेच तोंडातून बाहेर पडत होते.

रोज मोठ्याने वाचणाऱ्या माणसाची ही गत. वाचायला पुस्तक होतं, पण उलट बोलायला कोणी नव्हतं.

१७१९ मध्ये डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ आली. तिच्यामागे सेलकर्कची हकिगत होती असं मानलं जातं, आणि चिली सरकारने १९६६ मध्ये त्या बेटाला रॉबिन्सन क्रूसोचं नाव दिलं. डिफोचा नायक सेलकर्कपेक्षा कितीतरी पट जास्त, अठ्ठावीस वर्षं बेटावर राहतो आणि तिथे जणू संसारच थाटतो. पण त्यानेही एक पोपट पाळला आणि त्याला आपलं नाव घ्यायला शिकवलं. आपल्याला नावाने हाक मारणारं कोणीतरी असावं म्हणून. १९५४ मध्ये लुई बुन्युएलने या कादंबरीवर मेक्सिकोत चित्रपट केला. त्यात क्रूसो एका दरीत जाऊन मोठ्याने स्तोत्र म्हणतो, केवळ डोंगरावरून परत येणारा आवाज ऐकायला मिळावा म्हणून. पोपट, प्रतिध्वनी, चेंडू. गरज तीच, फक्त साधन बदलत गेलं.

हे पुरुषांच्याच बाबतीत घडलं असंही नाही. कॅलिफोर्नियाजवळच्या सान निकोलस बेटावरच्या मूळ रहिवाशांना १८३५ मध्ये जहाजाने मुख्य भूमीवर नेलं. एक बाई मागे राहिली. अठरा वर्षांनी, १८५३ मध्ये, शिकाऱ्यांना ती सापडली तेव्हा देवमाशाच्या हाडांचं घर करून राहत होती. अंगात पाणकावळ्यांच्या पिसांचा झगा होता. ती हसली, आलेल्यांना खाऊ घातलं, सारखं बोलत राहिली. सान्ता बार्बराला आणल्यावर तिची भाषा नीट समजणारं एकही माणूस मिळालं नाही. तिचे चार शब्द आणि गाण्याचे तुकडे तेवढे नोंदले गेले. सात आठवड्यांत ती आजारी पडून गेली. हुआना मारिया हे नावही तिला शेवटी पाद्र्यांनी दिलेलं. बेटावर अठरा वर्षं तग धरलेली बाई गजबजलेल्या गावात पुन्हा एकटीच पडली. हे वाचून मन सुन्न होतं.

आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीचा फर्नांव लोपिश. हा पोर्तुगीज शिपाई गोव्यात होता आणि विजापूरच्या आदिलशाहीच्या बाजूला जाऊन मिळाला होता. १५१२ च्या अखेरीस पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्कने बाणस्तारीचा किल्ला घेतला. पणजी-फोंडा रस्त्यावर जिथे आज पूल लागतो आणि चतुर्थीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांचा, बाजार भरतो, तेच बाणस्तारी. फितुरांना जिवे मारणार नाही, असं वचन आल्बुकेर्कने दिलं होतं. त्याने जीव घेतला नाही. लोपिशचा उजवा हात, डाव्या हाताचा अंगठा, नाक आणि कान कापले.

१५१५ मध्ये आल्बुकेर्क वारल्यावर लोपिश मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढला. वाटेत पाणी भरायला जहाज अटलांटिकमधल्या निर्मनुष्य सेंट हेलेना बेटाला लागलं आणि तो रानात लपून बसला. हे तोंड घेऊन बायकामुलांसमोर कसं जायचं, हाच विचार मनात असावा. खलाशांनी शोधलं आणि शेवटी त्याच्यासाठी बिस्किटांचं पिंप, सुकं मांस, खारवलेले मासे, मीठ आणि विस्तव ठेवून ते निघून गेले. उरल्या चार बोटांनी त्याने मातीत झोपण्यापुरती गुहा खोदली. पुढे दुसरं एक जहाज येऊन गेलं, तेव्हा त्यावरचा एक कोंबडा पाण्यात पडला आणि लाटांनी किनाऱ्याला लागला. लोपिशने त्याला वाळवलं, जहाजाने ठेवलेल्या शिध्यातले तांदूळ घातले. कोंबडा दिवसभर त्याच्या मागे फिरायचा, हाक मारली की यायचा आणि रात्री गुहेत त्याच्या उशाशी बसायचा.

ब्रॉइल्सना हा कोंबडा ठाऊक होता असं मी म्हणत नाही. पण कोंबडाही समुद्रातूनच आला आणि व्हॉलीबॉलही.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट निश्चित मान्य करायला हवी. त्याने अबोल्याशी तडजोड केली नाही. चित्रीकरण फिजीच्या मामानुका समूहातल्या मोनुरिकी या वस्ती नसलेल्या बेटावर झालं. आधी हँक्सने वजन वाढवलं. मग वर्षभर काम थांबलं आणि त्याने सुमारे २२ किलो वजन उतरवलं. त्या मधल्या काळात झेमेकिसने त्याच चमूला घेऊन दुसरा एक चित्रपट पुरा केला. वजनाचीच चर्चा जास्त झाली, पण त्याहून धाडसाचा निर्णय ध्वनीचा होता. बेटावर पाखरू ओरडत नाही, किडा किरकिरत नाही. लाटा, वारा आणि नारळ पडल्याचा आवाज, बस्स. पार्श्वसंगीतही नाही. चकचा तराफा लाटांची भिंत ओलांडून खुल्या समुद्रात जातो, तेव्हा कुठे ॲलन सिल्व्हेस्ट्रीचं संगीत सुरू होतं. म्हणूनच विल्सन वाहून जातो त्या क्षणी चेंडूसाठी रडू येतं. तोवर बेटावर त्याच्याशी चाललेल्या बोलण्याखेरीज दुसरं बोलणंच आपण ऐकलेलं नसतं.

परतल्यावर चक हॉटेलच्या गुबगुबीत पलंगावर झोपत नाही, जमिनीवर झोपतो. सेलकर्कही गावी रमला नाही. तो पुन्हा समुद्रावर गेला आणि १७२१ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ जहाजावरच वारला. लोपिशला काही वर्षांनी पोर्तुगालला नेण्यात आलं. राजाने त्याला भेटीला बोलावलं, रोममध्ये पोपने पापक्षमा दिली. त्यानंतर त्याने सेंट हेलेनाला परत सोडण्याची विनंती केली. तिथे त्याने झाडं लावली, शेळ्या-कोंबड्या वाढवल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना बेटावर पाण्याबरोबर फळंही मिळू लागली. १५४५ च्या सुमारास तो तिथेच वारला.