प्रचारभित्तिपत्रक कला केंद्र, शांघाय

चीनमधील राजकीय प्रचाराच्या छापील भित्तिपत्रकांचे खाजगी संग्रहालय. यांग पेइमिंग यांनी १९९५ च्या सुमारास, म्हणजे ही चित्रे रद्दीत जात असताना, ती जमवण्यास आरंभ केला. २००२ मध्ये संग्रह लोकांना खुला झाला आणि २०१२ मध्ये त्यास शासकीय परवाना मिळाला. ह्वाशान मार्गावरील एका निवासी संकुलाच्या तळघरात तो अनेक वर्षे होता. बाहेरून पत्ता लागणे अवघड. त्यामुळे फाटकावरचा पहारेकरी पाहुण्याच्या हाती नकाशा छापलेले छोटे कार्ड ठेवी. भर १९४९ ते १९७९ या काळावर आहे.

या चित्रशैलीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ती सोव्हिएट भित्तिपत्रकांची अनुकृती होय. उंचावलेली मूठ, खालून पाहिलेला कामगार, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणारी रचना यांपुरते ते ग्राह्य आहे. गुलाबी गाल व मऊ छाया यांचा उलगडा मात्र त्याने होत नाही. त्यांचे मूळ शांघायच्या ‘युएफन्पाय’ या जाहिरातवजा दिनदर्शिकाचित्रांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. कोळशाची पूड कागदावर घासून उठाव आणायचा व त्यावर जलरंगाचे पातळ हात द्यायचे, ही त्यांची पद्धत जंग मान्थुओ यांनी सु. १९१४ मध्ये रूढ केली असे सामान्यतः मानतात. सिगारेट व साबणाच्या जाहिरातींतील तरुणी रंगवणारे जिन मेइशंग, ली मूपाय हे चित्रकार १९४९ नंतर त्याच हाताने शेतकरीण व तिचे भरघोस पीक रंगवू लागले. घरोघर लावायच्या नववर्षचित्रांना (न्येनह्वा) नवा आशय द्यावा, असा आदेश सांस्कृतिक मंत्रालयाने नोव्हेंबर १९४९ मध्येच काढला होता. जुन्या दिनदर्शिकाही येथे असल्याने ही तुलना एकाच फेरीत करता येते.

नेहमीचा आकार सु. ७७ × ५३ सेंमी., म्हणजे अर्धा ताव. प्रकाशक, मुद्रणसंख्या व किंमत खालच्या समासात बारीक टाइपात असतात. तो समास कातरलेला असल्यास कालनिश्चिती चित्रातील माणसांवरून करावी लागते. डुंग शीवन यांच्या प्रजासत्ताकस्थापनेच्या चित्रातून (१९५३) तत्कालीन उपाध्यक्षांपैकी एक गाव गांग हे पदच्युत झाल्यावर पुसले गेले आणि पायाशी असलेली शेवंतीची फुले वाढवून जागा भरली. पुढे पदच्युत राष्ट्राध्यक्ष ल्यू शावची यांचीही तीच गत झाली. त्यामुळे आवृत्ती ओळखण्यास कोण दिसतो यापेक्षा कोण दिसत नाही हे अधिक उपयोगी पडते. तरुण माओ छत्री घेऊन आन्युआन या कोळसाखाणींच्या गावी निघाल्याचे ल्यू चुनह्वा यांचे चित्र (१९६७) ९० कोटी प्रतींत छापले गेल्याचे सांगतात. हा आकडा अंदाजाचाच समजावा.

हस्तलिखित मोठ्या अक्षरांची पत्रके (दाझबाओ) त्यामानाने दुर्मिळ आहेत. ती भिंतीवर खळीने चिकटवत आणि एकावर एक लावत. ती लावण्याचा १९७५ च्या संविधानाने दिलेला हक्क १९८० मध्ये काढून घेण्यात आला.