फोटो तुमच्या घरचा, कॉपीराइट कोणाचा?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : बुकिंगच्या पावतीवर सही करण्याआधी वाचून घ्यावे

"पैसे आमी देले, चेहरा आमचा, मग फोटो तुमचा कसा काय जी?"

लग्नसराई सुरू झाली की आमच्या काउंटरवर हा प्रश्न ठरलेलाच. प्रश्न रास्त आहे. त्यावर बहुतेक फोटोग्राफर "कायदाच आहे तसा" म्हणून मोकळे होतात. ते उत्तर अर्धेच खरे आहे. म्हणून कायद्यात काय आहे ते आधी सांगतो, आमच्या पावतीवर काय आहे ते त्यानंतर.

कायदा

आपल्याकडे हा विषय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात येतो. फोटो कितीही साधा असो, अगदी रेशनकार्डासाठी काढलेला असो, कायदा त्याला कलाकृती मानतो आणि ज्याने तो काढला त्याला कर्ता मानतो. कर्ता तोच पहिला मालक, हा सर्वसाधारण नियम. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे आणि आमच्या धंद्यातले निम्मे वाद तिथेच जन्मतात. कोणी मोबदला देऊन, स्वतः सांगून फोटो काढून घेतला आणि दोघांत वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा असतो.

म्हणजे तुम्ही लग्नाची ऑर्डर दिली, पैसे ठरले आणि कागदावर काहीच लिहिले नाही, तर त्या फोटोंचा कॉपीराइट तुमचा झाला. आमचा नाही.

हे आम्ही आमच्याच पत्रकात छापतो म्हणून धंद्यातले काही मित्र नाराज आहेत. पण पंगतीत एखादा वकील पाहुणा बसलेला असतोच. त्याने मांडवात सांगावे, त्यापेक्षा आम्हीच दुकानात सांगितलेले बरे.

आता "वेगळा करार नसेल तर" हे शब्द पुन्हा वाचा. तो करार म्हणजे आमच्या बुकिंग पावतीची मागची बाजू. तिच्यावर लिहिले आहे की फोटोंचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील आणि तुम्हाला कोणकोणत्या कामांसाठी ते छापता, वापरता येतील. सही ऑर्डर देतानाच घेतो. काम झाल्यावर कागद पुढे करण्यात अर्थ नसतो, कारण तोवर हक्क तुमच्याकडे गेलेला असतो. तो नंतर परत घ्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी हस्तांतरण करावे लागते. कोणते फोटो, कोणते हक्क, किती काळ, सगळे त्यात लिहावे लागते. मुदत लिहायची राहिली तर पाच वर्षेच धरतात.

मागची बाजू मान्य नसेल तर तसे सांगा, आम्ही ती खोडून देतो. मग शूटिंगचा दर वेगळा लागतो. कारण सांगतो. रोलच्या काळात निगेटिव्ह स्टुडिओत असायचे. मावशीला, आत्याला, व्याह्यांना कॉपी हवी असली की माणूस पुन्हा आमच्याच दारात यायचा. त्यामुळे शूटिंग स्वस्तात करून कॉप्यांवर घर चालवता येत होते. आज पेनड्राइव्ह हातात पडला की ग्राहकाची आणि आमची गाठ पुढच्या लग्नाला. म्हणून दर दोन ठेवले आहेत. शूटिंग कमी दरात आणि अल्बम-प्रिंट आमच्याकडूनच, हा एक. शूटिंगचे पूर्ण पैसे आणि सगळ्या मोठ्या फाइल कॉपीराइटसकट तुमच्या, हा दुसरा. यातला कोणताही घ्या. पहिल्याचा दर देऊन दुसऱ्याचा माल मागू नका, एवढेच म्हणणे आहे.

घरासाठी काय चालते

पहिल्या दरात काम दिले असले तरी घरच्या वापरावर आमची हरकत नाही. कायद्यातही कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त मोकळीक आहे. बैठकीत फ्रेम लावायची आहे, पाकिटात ठेवायचा आहे, बाळाच्या बारशाच्या पत्रिकेवर आईबापाच्या लग्नाचा फोटो टाकायचा आहे, तर खुशाल टाका. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला आम्ही कधी नाही म्हटले?

एक गोष्ट मात्र पावतीत मुद्दाम घातली आहे. सही बहुतेक वेळा नवरीचे वडील करतात आणि फोटो नवरदेवाच्या घरी जातात. करार तर सही करणाऱ्याशी असतो. मग व्याही छापतात ते विनापरवानगी का? असा घोळ नको म्हणून "घर" या शब्दात दोन्हीकडची घरे धरली आहेत.

अडते ते पुढे. प्रूफवरून, म्हणजे निवडीसाठी पाठवलेल्या कच्च्या फोटोंवरून, दुसरीकडे पूर्ण अल्बम बनवून घेणे, मंगल कार्यालयाने किंवा मेकअपवालीने तुमच्याकडून फोटो घेऊन स्वतःच्या जाहिरातीत लावणे, साडीच्या दुकानाने बॅनरवर नवरी चढवणे. या कामांना आमची लेखी परवानगी लागते आणि बहुतेकांना पैसेही लागतात. शूटिंगला आलेल्या आमच्या पोराला मांडवामागे गाठून, दोन-तीनशे रुपये हातावर ठेवून कार्डातला डेटा मोबाइलमध्ये ओतून घ्यायचा, हाही प्रकार होतो. ते फोटो त्या पोराचे नाहीत, त्याला ते देता येत नाहीत. तुम्ही दिलेले पैसे वाया आणि त्याची रोजी जाते.

प्रूफ छापून काय मिळते

सिलेक्शनसाठी आम्ही फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, त्यावर स्टुडिओचे नाव आडवे असते. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. हिशेब करा, तो फोटो पाच-सव्वापाच इंचांच्या पुढे नीट जातच नाही. १२ बाय १८ च्या प्रिंटला ५४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत.

तरी लोक छापतात. आमच्याकडे असे एक प्रिंट कोणीतरी "नीट करून द्या" म्हणून आणले होते. मुंडावळ्यांचे मोती एकमेकांत मिसळून त्यांची पांढरी दोरी झाली होती, शालूच्या काठातली जर गायब, आणि हळदीच्या फोटोत तर नवरीचा गाल कोणता आणि हळद कोणती ते कळेना. रंग दुरुस्त न केलेल्या प्रूफवर दुकानाच्या मशीनने आपला पिवळेपणा वर चढवला होता. नाव मिटवायला चेहऱ्याच्या बाजूला धूसर ठिगळ लावले होते ते वेगळेच. आणि घरी येणारा पाहुणा विचारतो, फोटो कोणी काढले? तिथे छापणाऱ्याचे नाव येत नाही, आमचे येते.

नाव खोडण्यावरून आणखी दोन गोष्टी. फोटोवरचे कर्त्याचे किंवा मालकाचे नाव ही हक्काची माहिती धरली जाते आणि ती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणे हा कलम ६५-ब खाली गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुसरे म्हणजे कलम ५७. कॉपीराइट पूर्ण तुमचा असला तरी फोटो काढणारा म्हणून आमचे नाव आमचेच राहते. आमचे काम दुसऱ्याने आपले म्हणून मिरवले किंवा आमची अब्रू जाईल इतके मोडूनतोडून टाकले, तर हरकत घेण्याचा हक्क कॉपीराइट विकल्यावरही जात नाही.

पट, मंडई आणि नाटक

इथवर ऑर्डरीच्या फोटोंचे झाले. आमच्या पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरी भागात दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा लागते, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती भरतात, रात्री नाटके रंगतात. तिथे आम्ही पुष्कळ फोटो कोणी न सांगता, स्वतःच्या पेट्रोलवर जाऊन काढतो. त्यांना कोणी पैसे दिलेले नसतात, ऑर्डर नसते, म्हणून कलम १७ चा तो अपवाद लागू होत नाही. असा फोटो सरळ आमचा.

पटातल्या बैलजोडीवरून भांडण हमखास होते. दान सुटल्याच्या, म्हणजे जोडी धावायला सुटल्याच्या क्षणाचा फोटो, बैलांचे पुढचे पाय हवेत, धुरकऱ्याच्या (जोडी हाकणाऱ्याच्या) तोंडात माती. जोडीचा मालक म्हणतो, बैल माझे, धुरकरी माझा पोरगा, मग फोटोही माझा. बैल तुमचेच, त्यात वाद नाही. पण फोटोचा कॉपीराइट फोटोत कोण आहे यावर ठरत नाही, तो कोणी काढला आणि कोणाच्या सांगण्यावरून काढला यावर ठरतो. जोडीच्या मालकाला आम्ही घरासाठी एक मोठी प्रिंट देतो, तेवढा मान त्याचा आहेच. तोच फोटो आमच्या पेजवरून उचलून पशुखाद्याच्या दुकानदाराने रस्त्यावर दहा फुटांचा फ्लेक्स लावला, तर तो धंदा झाला. त्याचे बिल आम्ही दुकानदाराला पाठवतो आणि फ्लेक्स छापणाऱ्यालाही विचारतो. परवानगीशिवाय प्रत काढणारा तोही आहे. "गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हमध्ये आणून दिला" या उत्तराने तो सुटत नाही.

नाटकवाल्यांचे उलटे. कंपनीने पोस्टरसाठी बोलावून, पैसे देऊन फोटो काढून घेतले तर ते कंपनीचे, कारण तिथे आम्ही उलटा करार करत नाही. पुढच्या हंगामात नट किंवा नटी दुसऱ्या कंपनीत जाते आणि जुना फोटो नव्या पोस्टरवर येतो. मग दोन्ही मालक आम्हालाच फोन करतात! कलावंत मंडळींना विनंती, स्वतःचे चार फोटो स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाच्या पावतीवर काढून ठेवा.

शाळेच्या ग्रुप फोटोबद्दल थोडक्यात. मुख्याध्यापकांशी आमचे पत्र ठरलेले असते, प्रतीचे पैसे त्याच हिशेबाने लावलेले असतात. एक प्रत घेऊन वर्गभर कलर झेरॉक्स वाटू नये.

मुदत, पुरावा, तक्रार

फोटोचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. २०१२ ची दुरुस्ती होण्याआधी फोटोंसाठी ही मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षे होती. नोंदणी सक्तीची नाही, फोटो काढला की हक्क आपोआप निर्माण होतो. वाद झालाच तर कॅमेऱ्यातली मूळ, न दाबलेली रॉ फाइल आणि तुमच्या सहीची पावती, एवढे आम्हाला दाखवता येते.

जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कमाईसाठी केलेले नसेल तर न्यायालय यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. भरपाईचा आणि मनाईचा दावा कलम ६२ मुळे आमचा धंदा जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, म्हणजे नागपूर-मुंबईच्या कंपनीने आमचा फोटो उचलला तरी आम्हाला तिकडे धावावे लागत नाही. हे आकडे कोणाच्या आत्याबाईंना घाबरवायला दिलेले नाहीत. घरच्या माणसाला आधी फोन करतो, बहुतेक वेळा तिथेच मिटते. धंद्यासाठी वापरणाऱ्याला मात्र थेट लेखी नोटीस जाते.

आमच्यावरची बंधने

पावतीप्रमाणे कॉपीराइट आमचा असला तरी तुमचे फोटो शोकेसमध्ये, पेजवर किंवा रीलमध्ये टाकायचे की नाही हे तुम्ही ठरवता. पावतीच्या पुढच्या बाजूला त्याचा चौकोन आहे, खूण केली नाही तर आम्ही ते नाही असेच धरतो. साक्षगंधाचे (साखरपुड्याचे) आणि प्री-वेडिंगचे फोटो लग्न लागेपर्यंत आम्ही कुठेच लावत नाही. सोयरिक मोडली तर दोघांपैकी कोणीही एक फोन करावा, फोटो काढून टाकतो, कारण विचारत नाही. मुलीच्या घरच्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

जुने फोटो घेऊन येणाऱ्यांसाठी

आजोबा-आजीचा हार घातलेला फोटो मोठा करून घ्यायला लोक येतात. तो घरच्यांनीच पैसे देऊन काढून घेतलेला असतो, म्हणून आम्ही करून देतो. पण मागे दुसऱ्या स्टुडिओचा शिक्का असलेला अलीकडचा फोटो आणलात, तर त्या स्टुडिओला विचारून या, नाहीतर नंबर द्या, आम्ही विचारतो. जो नियम आमच्यासाठी मागतो तो त्यांच्यासाठीही पाळावा लागतो. आणि काचेला चिकटलेला फोटो घरी ओढून काढू नका, पाणीही लावू नका, वरचा थर काचेलाच राहतो. फ्रेमसकट आणा. काचेवरूनच फोटो घेऊन काम होते, मूळ फ्रेम त्याच दिवशी परत मिळते.