इमाबारी व शिमानामी काइदो सायकल मार्ग

इमाबारी हे जपानच्या शिकोकू बेटावरील एहिमे प्रीफेक्चरमधील (प्रांतातील) बंदराचे शहर आहे. जहाजबांधणी आणि टॉवेल यांसाठी ते पूर्वापार प्रसिद्ध असले, तरी परदेशी प्रवाशांत त्याचे नाव आज प्रामुख्याने सायकल पर्यटनामुळे घेतले जाते. होन्शू या मुख्य बेटावरील ओनोमिची शहराहून सेतो समुद्रातील सहा बेटे पार करत इमाबारीला पोहोचणारा, सुमारे ७० किमी. लांबीचा शिमानामी काइदो हा मार्ग जपान सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये पहिल्या तीन राष्ट्रीय सायकल मार्गांत समाविष्ट केला. उरलेल्या दोहोंपैकी एक बिवा सरोवराभोवतीचा, तर दुसरा त्सुकुबा व कासुमिगाउरा परिसरातील आहे.

या योजनेमागे २०१७ मध्ये अंमलात आलेला सायकल वापर प्रोत्साहन कायदा आहे. निवड करताना रस्त्याची सुरक्षितता, मुक्कामाच्या व दुरुस्तीच्या सोयी, माहितीची उपलब्धता आणि स्थानिक यंत्रणांमधील समन्वय पाहिला जातो. मान्यता शहराला नव्हे, मार्गाला मिळते. दोन प्रीफेक्चरांतून जाणाऱ्या या रस्त्याच्या बाबतीत तेच सयुक्तिक ठरते.

प्रत्यक्षात मान्यतेचे श्रेय त्याआधीच्या वीस वर्षांच्या कामाला द्यावे लागते. १९९९ मध्ये बेटांना जोडणारे पूल पूर्ण झाले, तेव्हाच त्यांवर मोटारींपासून वेगळी सायकल मार्गिका ठेवण्यात आली होती. जहाजांना खालून जाता यावे म्हणून पूल उंच आहेत, मात्र त्यांवर चढणारे जोडरस्ते वळणे घेत साधारण ३ टक्के चढाने नेलेले असल्याने नवख्यालाही उतरून सायकल ढकलावी लागत नाही. इन्नोशिमा पुलावर ही मार्गिका मोटारींच्या रस्त्याच्या खालून, लोखंडी सांगाड्यातून जाते. बेटांवर रस्त्याच्या कडेने ओढलेली निळी रेघ वाट दाखवते, त्यामुळे नकाशा खिशातच राहिला तरी चालते. भाड्याची सायकल एका केंद्रावर घेऊन दुसऱ्या केंद्रावर सोडता येते, तर दुकाने व निवासगृहे हवेचा पंप, पाणी आणि विसाव्याची जागा पुरवतात. पुलांवर सायकलस्वारांना पूर्वी पेटीत नाणी टाकून पथकर भरावा लागे; २०१४ पासून तो माफ आहे. त्याच वर्षी द्रुतगती मार्गाचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून झालेल्या सायकल सोहळ्यात सात हजारांहून अधिक जण सहभागी झाले.

२०२१ मध्ये राष्ट्रीय यादीत आणखी तीन मार्गांची भर पडली.