हार्ट्सहोम की स्वॉनहोम? लिंकनच्या दोन शेजारी तळ्यांवर कुत्रा फिरवताना

इंग्लंडमधल्या लिंकन शहरात कुत्रा घेऊन राहणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं, "हार्ट्सहोमला जा." दुसरा कोणी म्हणतो, "स्वॉनहोमला जा." नकाशा उघडला की शहराच्या नैर्ऋत्येला एकमेकांना चिकटलेले दोन हिरवे पट्टे दिसतात, दोन्हींत निळी तळी. नावंही जुळ्यांसारखी. दोन्ही जागा लिंकनच्या नगरपालिकेकडेच आहेत आणि चालता चालता एकीतून दुसरीत कधी शिरलो ते कळतही नाही. म्हणून बहुतेक लोक दोन्हींना मिळून 'पार्क' म्हणतात आणि कुत्र्यालाही दोन्हीकडे सारखीच मोकळीक देतात. माझ्या मते गफलत तिथेच होते. हार्ट्सहोम हे कंट्री पार्क आहे, म्हणजे लोकांना फिरायला राखलेली जागा; स्वॉनहोम हे नेचर रिझर्व्ह, म्हणजे निसर्ग जपण्यासाठी राखलेली. पाणी, झाडं, बदकं दोन्हीकडे आहेत, पण कुत्र्याच्या चार पायांचा परिणाम दोन्हीकडे अगदी वेगळा होतो.

आधी हार्ट्सहोम. हे तळं मुळात निसर्गाचं नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लिंकनला पाणी पुरवण्यासाठी ओढा अडवून ते तयार केलं. मग 1862 च्या सुमारास जोसेफ शटलवर्थ या कारखानदाराने त्याच्या काठावर हवेली बांधली. क्लेटन अँड शटलवर्थ ही त्याची कंपनी वाफेची इंजिनं आणि मळणीयंत्रं बनवायची. हवेलीभोवतीची बाग आखली एडवर्ड मिल्नर यांनी. लिंकनमधलं 1872 सालचं आर्बोरेटम हे सार्वजनिक उद्यानही त्यांचंच काम. आज हार्ट्सहोमला तळ्याकाठी जी मोठाली शोभेची झाडं दिसतात, ऱ्होडोडेंड्रॉनच्या गर्द जाळ्या दिसतात, वळणावर मुद्दाम उघडणारा पाण्याचा देखावा दिसतो, ते सगळं माणसाने माणसाच्या डोळ्यांसाठी रचलेलं आहे. हवेली विसाव्या शतकाच्या मध्यावर पाडली गेली, बाग मात्र राहिली.

पाण्याची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण लिंकनच्या इतिहासात कॅथेड्रलइतकीच ती मोठी आहे. 1904-05 च्या हिवाळ्यात शहरात दूषित पाण्यातून विषमज्वराची साथ आली. हजारावर माणसं आजारी पडली, शंभराहून जास्त दगावली. डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन या जंतुशास्त्रज्ञांनी 1905 मध्ये पाण्यात सतत क्लोरीन सोडायला सुरुवात केली. शहराच्या पिण्याच्या पाण्यावर असा नियमित उपाय करण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. पुढे 1911 मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या एल्क्सलीहून स्वच्छ पाणी आलं आणि हार्ट्सहोमवरची शहराची भिस्त संपली. उरलं ते फिरायला जायचं तळं.

आता स्वॉनहोम. इथे कोणी बाग आखली नाही. वाळू आणि खडी काढण्यासाठी जमीन खणली, खाणी बंद पडल्यावर खड्ड्यांत पाणी भरलं आणि त्याची तळी झाली. एक नाही, अनेक. मधल्या उंचवट्यांवर आणि कडांवर वाळूची, आम्लधर्मी, अगदी नापीक माती उघडी राहिली. याच नापीकपणावर इथलं सगळं तगून आहे. हेदरची झुडपं, आम्लमातीचं विरळ गवत, ओलसर दलदलीचे पट्टे, पाण्यातल्या वनस्पती आणि त्यांच्या आसऱ्याने वाढणारे चतुर (ड्रॅगनफ्लाय). जमीन सुपीक असती तर काटेरी झुडपांनी आणि दांडग्या गवताने यातलं अर्धंअधिक कधीच गिळलं असतं. म्हणूनच या जागेला स्थानिक नेचर रिझर्व्हचा दर्जा आहे आणि विशेष वैज्ञानिक महत्त्वाचं क्षेत्र म्हणून कायद्याचं संरक्षणही.

दोन्ही प्रकारच्या जागांमागे कायदेही वेगवेगळे आहेत. स्थानिक नेचर रिझर्व्ह जाहीर करण्याचा अधिकार 1949 च्या कायद्याने दिला आणि त्याचा हेतू होता निसर्ग राखणं. कंट्री पार्क ही कल्पना 1968 च्या कायद्यातून आली. शहरातल्या लोकांना जवळच मोकळी हवा मिळावी, त्यांनी गाड्या घेऊन थेट दूरच्या डोंगरांवर गर्दी करू नये, असा तो विचार होता. म्हणजे एक जागा मुळातच माणसांसाठी राखलेली आणि दुसरीकडे माणूस पाहुणा. पाहुण्याचं कुत्रं तर पाहुण्याचंही पाहुणं.

हे कुत्र्याला कसं लागू पडतं ते शीच्या उदाहरणावरून सांगते. हार्ट्सहोमला कुत्र्याची शी उचलली नाही तर माणसांना त्रास होतो: बुटाला लागते, मुलांच्या हाताला लागते, दंड होऊ शकतो. सगळ्यांना समजतं. स्वॉनहोमला मात्र "जंगलच तर आहे, खत होईल" असं म्हणून लोक पुढे जातात. खत होतं हे खरंच, आणि नेमकं तेच नको आहे. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या राखीव निसर्गक्षेत्रांचा एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कुत्र्यांमुळे दर हेक्टरी वर्षाला साधारण 11 किलो नायट्रोजन आणि 5 किलो फॉस्फरस जमिनीत जातो, असा त्यांचा हिशेब आहे. शी उचलली तर फॉस्फरस जवळजवळ सगळा थांबतो, नायट्रोजन मात्र निम्म्याच्या आसपासच, कारण बाकीचा लघवीतून जातो. लघवी कोणी उचलू शकत नाही. म्हणून स्वॉनहोमच्या वाटेला लागण्याआधी हार्ट्सहोमच्या रुळलेल्या गवतावर कुत्र्याला निवांत हुंगू द्यावं आणि मोकळं होऊ द्यावं. आमचा बंड्या पहिल्या दहा मिनिटांतच सगळं उरकतो, बहुतेक कुत्री तशीच असतात. आणि भरलेली पिशवी झाडाच्या फांदीला टांगून "येताना नेईन" म्हणणं बंद करा. येताना कोणी नेत नाही, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली शी तर खतही होत नाही.

पाण्यात उतरण्याचंही तेच. लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांना हे सांगणं जिवावर येतं, पण स्वॉनहोमच्या तळ्यांत कुत्रा सोडू नका. कारण त्याच्या मानेवर महिन्याकाठी टाकतो ते पिसवांचं औषध. त्यात बहुतेक वेळा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, दोन्ही कीटकनाशकं, आणि भिजल्यावर दोन्ही पाण्यात उतरतात. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या नमुन्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांत फिप्रोनिल सापडलं. चतुराची अळी वर्ष-दोन वर्षं पाण्याखाली काढते आणि मग एका सकाळी लव्हाळ्याच्या पात्यावर चढून पाठ उकलते. लव्हाळ्यावर रिकामी, पारदर्शक कात अजून चिकटलेली दिसली तर बंड्याची लीश आखडून मी तिथे थांबतेच. ज्या पाण्यात ती वाढली, त्यात हे औषध जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय खाणींचा काठ पुष्कळदा एकदम खोल जातो आणि खालचं पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं, त्यामुळे कुत्र्यालाही धोका असतोच.

हार्ट्सहोमच्या पाण्याचा धोका निराळा. साचलेलं, उथळ, बदकं-हंसांच्या विष्ठेने आणि लोकांनी टाकलेल्या पावाने समृद्ध झालेलं पाणी उन्हाळ्यात तापलं की निळं-हिरवं शेवाळ धरू शकतं. दिसायला हिरवा रंग सांडल्यासारखं किंवा वाटाण्याच्या सूपसारखं. त्याच्या विषाने कुत्रा काही तासांत, कधी त्याहूनही लवकर जाऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही. पाणी प्यायला नाही तरी अंग चाटताना पोटात जातं. असं पाणी अंगाला लागलं तर चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा आणि उलटी, लाळ, झटके यातलं काहीही दिसलं तर थेट व्हेटकडे जा, उद्यावर टाकू नका.

लीशचं काय? काठावरच्या फलकावर जे लिहिलंय ते पहिलं, तोच शेवटचा शब्द. पण फलक नसेल तिथेही एक माप माझ्या डोक्यात पक्कं आहे. इंग्लंडमधल्या खुल्या माळरानांवर 1 मार्च ते 31 जुलै कुत्र्याला 2 मीटरपेक्षा लांब नसलेल्या लीशवर ठेवणं 2000 च्या कायद्याने बंधनकारक आहे, कारण तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम. स्वॉनहोमला मी हेच माप बारा महिने पाळते. पक्ष्यासाठी कुत्रा म्हणजे कोल्हाच. तो कितीही गरीब असला तरी अंडी सोडून उठलेली पक्षीण परत यायला वेळ लावते आणि तेवढ्यात अंडी गार पडतात. हार्ट्सहोमच्या मोकळ्या गवतावर, माणसं कमी असताना आणि कुत्रा एका हाकेत परत येणारा असेल तर, लीश सोडायला माझी हरकत नाही. मात्र मे महिन्यात हंसांची पिल्लं काठावर असली तर तिथेही आवळून धरा. नर हंस मोठ्या कुत्र्यावरही धावून जातो.

महाराष्ट्रातून आलेले आईबाबा इथे पहिल्यांदा चकित होतात, कारण आपल्याकडच्या कितीतरी बागांच्या दारावरच 'कुत्र्यांना प्रवेश नाही' असं लिहिलेलं असतं. इथे प्रवेश आहे, पण कॉलरवर मालकाचं नाव-पत्ता हवा आणि अंगात मायक्रोचिप हवी. इंग्लंडमध्ये कुत्र्यांसाठी ती 2016 पासून सक्तीची आहे. आईबाबांबरोबर जायचं असेल तर फक्त हार्ट्सहोमची तळ्याभोवतीची फेरी पुरे. वाट सोपी, कॅफे जवळ, मध्ये बसायला बाक. स्वॉनहोमला वाळूत पाय रुततात, पावसानंतर चिखल होतो.

दोन्ही करायचं असेल तर स्केलिंगथॉर्प रोडच्या बाजूने आत या, आधी हार्ट्सहोमला कुत्र्याला दमवा, मग लीश लावून स्वॉनहोमचा फेरा घ्या. दमलेला कुत्रा हेदरमध्ये घुसायला कमी ओढतो. घरी पोचल्यावर पोट, बगला आणि कानांच्या मागे गोचिड्या बघा. सापडली तर पिळू नका, गोचिड काढायच्या आकड्याने कातडीलगत धरून फिरवत अलगद सोडवा.