डबा दीडच्या आत खा, असं आम्ही का म्हणतो

नौपाडा, पाचपाखाडी, वागळे इस्टेट आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या डबा-ग्राहकांसाठी

“मीटिंग लांबली, डबा चारला खाल्ला तर चालेल ना?” असा फोन रोज कुणाचा तरी येतो. आम्ही नाही म्हणतो, पण कारण सांगेपर्यंत समोरच्याची मीटिंग सुरू झालेली असते. म्हणून हे पत्रक.

शिजवलेल्या अन्नात जिवाणू हातावरून, डावावरून, हवेतून येतात. काही तर शिजवूनही उरतात. मूठभरांनी सहसा बिघडत नाही, प्रश्न येतो तो संख्येचा. जिवाणू वाढतात ते एकाचे दोन होऊन. ई. कोलायसारख्या जिवाणूला सगळं मनासारखं मिळालं तर त्याला 20 मिनिटं पुरतात. म्हणजे एकाचे तासाभरात आठ आणि सात तासांत 20 लाखांवर. नव्या जागी रुळायला मात्र त्यांना आधी थोडा वेळ लागतो. तुमचं जेवण त्या वेळात उरकावं, एवढंच आमचं म्हणणं. पुढे खाद्य संपलं, त्यांनीच सोडलेलं आम्ल साचलं की वाढ थांबते, पण तोवर आमटीला फेस आलेला असतो. आणि फेस नाही, वास नाही म्हणून अन्न चांगलंच आहे असंही नाही. आजारी पाडणारे बरेच जिवाणू चवीला कळतही नाहीत.

त्यांना सर्वांत मानवतं ते 5 ते 60 अंश सेल्सिअसमधलं तापमान, त्यातही आपल्या अंगाइतकं, 37 च्या आसपासचं. ठाण्यातली मे महिन्याची दुपार यापासून फार लांब नसते. आम्ही साडेअकराला डबे भरतो तेव्हा जेवण 60 च्या वर असतं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दीडचा हिशेब तिथून आला. फ्रिजमध्ये जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते.

ओलावा आणि आंबटपणाचंही तसंच. शेंगदाण्याची कोरडी चटणी टिकते, ओल्या नारळाची त्याच दिवशी आंबते. एप्रिल ते जून आम्ही ती देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. लिंबाच्या लोणच्यात आंबट आणि मीठ दोन्ही भरपूर, त्यामुळे तिथे बहुतेकांचा निभाव लागत नाही.

भाताबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. भात पातेल्यात झाकून रात्रभर ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. सकाळच्या खमंग फोडणीने जिवाणू मरतील, विष जात नाही. मग उलट्या सुरू झाल्या की दोष मोहरी-कढीपत्त्याला! फोडणीचा भात आम्हालाही प्रिय आहे. त्यासाठी उरलेला भात ताटात पसरा, वाफ गेली की तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत परता. एकदा परतलेला पुन्हा ठेवू नका.

डबा उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. जेवायला उशीर होणार असेल तर सकाळी 10 पर्यंत कळवा. त्या दिवशी भात-आमटीऐवजी पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं पाठवू. पैशांचा फरक महिन्याच्या बिलात वळता करू.