'लार्गो': कुठे रुंद, कुठे लांब

पणजीत इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पांढऱ्याशुभ्र नागमोडी जिन्यासमोर चौक आहे. त्याचे पोर्तुगीज नाव 'लार्गो दा इग्रेजा', म्हणजे चर्चचा चौक. पोर्तुगीजमध्ये 'लार्गो' म्हणजे रुंद. चिंचोळा रस्ता जिथे ऐसपैस होतो, ती जागाही लार्गोच. आणि फ्लोरिडाच्या दक्षिणेला 'की लार्गो' नावाचे बेट आहे, स्पॅनिशांचे 'कायो लार्गो'. ते रुंद मुळीच नाही. पन्नासेक किलोमीटरची नुसती पट्टी! स्पॅनिशमध्ये 'लार्गो' म्हणजे लांब.

दोघांचा पूर्वज एकच, लॅटिन 'लार्गुस'. त्यात मुळात ना लांबी होती, ना रुंदी. लांब म्हणायला 'लोंगुस' होता, रुंद म्हणायला 'लातुस'. 'लार्गुस' म्हणजे विपुल, सढळ हाताचा. सढळपणातून ऐसपैसपणा आणि त्यातून रुंदी, ही वाट इटालियन 'लार्गो', फ्रेंच 'लार्ज' आणि रुमेनियन 'लार्ग' या तिघांनी धरली. फ्रेंचमध्ये तर किनाऱ्यापलीकडचा मोकळा समुद्रही 'लार्ज'च. इंग्रजीने शब्द तिथूनच उचलला आणि त्याचा अर्थ 'मोठा' करून टाकला.

स्पॅनिशची वाट वेगळी. तिथे 'लोंगुस'पासून आलेला 'लुएंगो' लांबीसाठी रुळलेला होता. 'लार्गो'ने त्याला हळूहळू बाजूला सारले. आज 'लुएंगो' जुन्या, पुस्तकी भाषेत उरला आहे. रुंदीसाठी 'आंचो', तो लॅटिन 'आंप्लुस'चा वंशज. मला हा बदल अगदी स्वाभाविक वाटतो. जे भरपूर असते ते पुरवठ्याला येते, पुरून उरते, लांबते. शेजारची कॅटलानही याच वाटेने गेली. स्पेनला खेटून असलेली पोर्तुगीज मात्र रुंदीपाशीच राहिली, म्हणून या दोन भाषांमध्ये ये-जा करणारा माणूस या शब्दाशी हमखास अडखळतो.

'Calle' या रोमन अक्षरांतल्या शब्दापुढे 'larga' लिहिलेली पाटी स्पेनमधल्या हेरेस शहरात दिसते आणि व्हेनिसमध्येही. हेरेसमध्ये तिचा उच्चार 'काये लार्गा' आणि अर्थ लांब रस्ता. व्हेनिसच्या बोलीत 'काल्ले' म्हणजे बोळ. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते, अशा बोळांच्या शहरात रुंदीचेच अप्रूप. तिथली 'काल्ले लार्गा २२ मार्त्सो' म्हणजे २२ मार्चची रुंद गल्ली. १८४८ साली त्या दिवशी व्हेनिसने ऑस्ट्रियाची सत्ता झुगारली होती.