मोकळेपणा फक्त जॅझचा नव्हे

कर्नाटक संगीत आणि जॅझ एकत्र आणणाऱ्या गायिका गणव्या दोराईस्वामी (जन्म न्यूयॉर्कचा, वाढल्या तमिळनाडूत) यांच्यासारख्यांचं गाणं ऐकलं की हमखास म्हटलं जातं: पाठांतर दक्षिणेचं, उत्स्फूर्तता जॅझची. हे खरं नाही.

विरुत्तम् घ्या. श्लोक किंवा तमिळ पद्य, ताल नाही. राग गायकाने निवडायचा, ओळीगणिक बदलला तरी चालतो. निरवलमध्ये कृतीची (कर्नाटक संगीतातल्या बांधलेल्या रचनेची) एकच ओळ, शब्द तालात जवळपास आपल्या जागी, पण चाल दर आवर्तनाला नवी. हे जॅझच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

जॅझकडून येतो तो आधार: १९६० च्या दशकातल्या, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या परंपरेसारखा, एकाच स्वराभोवती रेंगाळणारा डबल बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य). विरुत्तम् त्यावर सहज बसतं. घोळ होतो पियानोमुळे. कर्नाटक तोडी रागातला गांधार (ग) स्थिर नसतो, रिषभ-मध्यमाच्या (रे-म) दरम्यान डोलतो. त्याच क्षणी पियानोवर गांधार ठोकला की दोन्ही एकमेकांना खातात, आणि बेसूर ठरतो बिचारा गायक! म्हणून वादकाने डाव्या हातात षड्ज-पंचम (सा-प) ठेवावेत, गांधार गाळावा, गायकाची ओळ संपल्यावरच भरणा करावा.

आणि मध्येच अभंग आला तर तोही जॅझवाल्यांचा प्रयोग समजू नये. दक्षिणेच्या भजनसंप्रदायात मराठी अभंग पूर्वीपासून गातात.